कौलवाल्या भालेराव मॅडम

कुणाच्या घरी पहिल्यांदा गेलं की माणसं सोफा बघतात, पडदे बघतात, भिंतीवरचे फोटो बघतात. भालेराव मॅडम वर बघायच्या. बूट काढून उंबरठा ओलांडला की मान मागे टाकून छत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत वाचून काढायच्या, आणि मगच "बसू ना?" असं विचारायच्या. छत पसंत पडलं नाही तर खुर्ची थोडी सरकवून बसायच्या. ज्याच्या घरी खुर्ची सरकली त्याने काय ते समजून घ्यावं.

आमच्या घरी त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा खुर्ची चांगली दीड हात सरकवली. माझ्या बायकोला, वासंतीला, वाटलं पंखा जोरात लागतोय. ती तो बंद करायला उठली, तर मॅडम म्हणाल्या, "असू द्या हो. पंखा पडणार नाही. त्याच्या शेजारचं प्लास्टर पडेल." आणि त्याच स्वरात, जराही न थांबता, "पोहे छान झालेत." त्या दिवाळीत जळमटं काढायला मी त्या जागी नुसता झाडू टेकवला, तर परातीएवढा पापुद्रा माझ्या डोक्यावर आला. मी ओरडलो तसं समोरचं दार उघडलं. मॅडमनी आधी माझं डोकं बघितलं, मग छत बघितलं, आणि जास्त काळजी कुणाची वाटली ते लपवलं नाही.

मॅडम वारल्या, त्याला आता वर्ष होऊन गेलं. अजूनही नव्या घरी गेलो की माझी मान आपोआप वर जाते. वासंती म्हणते, हा आजार तुम्हाला समोरून लागला.

कोथरूडमधल्या आमच्या जुन्या, तीन मजली सोसायटीत त्या निवृत्त झाल्यावर राहायला आल्या. आम्ही वरच्या मजल्यावर समोरासमोर. सरकारी बांधकाम खात्यात त्यांनी सगळी नोकरी काढली होती आणि उपअभियंता म्हणून निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. पांढरे, कानाच्या वर कापलेले केस, सुती कुर्ता, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. हे बूट त्या लग्नालाही घालत आणि मयतीलाही. एकदा वासंतीने बिचकत विचारलं, तर म्हणाल्या, "वर चढायला कधी लागेल, सांगता येतं का?" कशावर चढायला, हे विचारायची हिंमत झाली नाही.

दुसरी सवय म्हणजे वाजवून बघणं. तर्जनी वाकवून टकटक करायच्या. कलिंगड सगळेच वाजवतात. मॅडम दार वाजवत, पाण्याची टाकी वाजवत, जिन्याचा कठडा वाजवत. एकदा चेअरमन गोडबोल्यांच्या डोक्यावर हेल्मेट असताना तेही वाजवलं होतं. आवाज पसंत पडला तर "बोलतंय" म्हणत. नाही पडला तर "मुकं आहे." आमच्या मुलीला, मुक्ताला, बघायला आलेल्या मुलाच्या घरी आम्ही परत भेटीला गेलो तेव्हा मॅडमना घेऊन गेलो होतो. मोठं माणूस बरोबर असावं म्हणून. त्यांनी मुलाची पाठ थोपटली, म्हणजे थोपटल्यासारखं केलं. प्रत्यक्षात वाजवली. घरी आल्यावर निकाल दिला, "मुलगा बोलतोय. त्यांच्या बाथरूमचा स्लॅब मुका आहे." लग्न झालं. जावई खरंच फार बोलतो. स्लॅबचं काय झालं ते मुक्ता सासरची लाज म्हणून सांगत नाही.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या सोसायटीची गच्ची गळायची. दर वर्षी गळायची, आणि दर वर्षी कुणी तरी येऊन तिच्यावर काहीतरी फासून जायचं. कधी डांबर, कधी पांढरा रंग, कधी रबरासारखं काहीतरी, ज्याला दहा वर्षांची हमी असायची आणि जे दसऱ्याला सोलून यायचं. आम्ही वरच्या मजल्यावरचे लोक सभेत बादल्यांच्या गोष्टी सांगायचो आणि खालच्या मजल्यावरचे लोक सहानुभूती दाखवून पुढच्या विषयाकडे वळायचे.

शेवटी गोडबोल्यांनी तोडगा काढला. गच्चीवर निळा पत्रा टाकायचा. आजूबाजूच्या सगळ्या इमारतींनी टाकला होता. वार्षिक सभेत त्यांनी तो विषय मांडला आणि "कुणाची हरकत?" असं, कुणाची नसणारच अशा आवाजात विचारलं.

मॅडम उठल्या. "पत्र्याला हरकत नाही. उतार हवा हे तुम्हाला कळलं, याचा आनंद आहे. मी आयुष्यभर सपाट छपरं बांधली. सपाट छप्पर म्हणजे पाण्याला पाट मांडून ‘बसा’ म्हणणं. पण पत्रा कशाला? कौलं घाला."

सभेत हशा पिकला. कुणीतरी मागून विचारलं, "आणि खाली गोठा काढू का?"

"गोठा आहेच," मॅडम म्हणाल्या, "पार्किंगमध्ये जाऊन बघा. आडव्यातिडव्या बांधल्यात सगळ्यांनी."

गोडबोले मूळचे कोकणातले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, म्हणजे आता ते समजूतदारपणे बोलणार. "मॅडम, आपण इंजिनिअर. आपल्याला मी काय सांगावं? पण कौलं हा मागासलेपणा आहे हो. दर वर्षी चाळा, फुटकी बदला, माकडं आली की पुन्हा चाळा. आमच्या गावच्या घरावरची आम्ही कधीच काढून टाकली."

"तुमच्याकडे होती, म्हणून काढता आली," मॅडम म्हणाल्या आणि खाली बसल्या.

एवढंच. आवाज चढला नाही, काही नाही. पुण्यात सभेत टोमणे कुणी मोजत नाही, त्यामुळे तोही एक टोमणा म्हणून गेला. मला मात्र तो इतरांसारखा वाटला नाही. कारण टोमणा मारल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर एरवी जो बारीक आनंद असायचा, तो नव्हता.

गच्चीवर निळा पत्रा आला. पण मॅडमनी त्याच सभेत, विषय संपता संपता, फाटकाजवळच्या केबिनचं छप्पर मागून घेतलं. ही केबिन म्हणजे वॉचमन यादवची खोली आणि तिच्यापुढे एक सिमेंटचा बाक. वर सिमेंटचा पत्रा, तोही तडकलेला. उन्हाळ्यात यादव आत न बसता समोरच्या बदामाखाली बसायचा आणि केबिनमध्ये त्याचा डबा तापत ठेवायचा. त्या छपरावर कुणाचा जीव नव्हता. गोडबोल्यांनी उदार मनाने हात हलवला, "घाला तुमची कौलं तिथे."

मला वाटलं, बाजारात जाऊन कौलं आणायची, सुतार बोलवायचा, झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी दार वाजवलं. (आमचं दार बोलत असे.) "चला करंदीकर, कसब्यात जाऊ."

"मंगलोरी कौलं मार्केट यार्डाकडे मिळतात म्हणे."

"ती साच्यातली. मला नळीची हवीत. हाताची."

नळीची कौलं म्हणजे काय ते त्यांनी मला रिक्षात, बसल्या बसल्या, दोन्ही हातांनी करून दाखवलं. कुंभार चाकावर लांब नळी काढतो, एका टोकाला रुंद, दुसऱ्याला जरा अरुंद. ती ओली असतानाच उभी चिरायची. दोन अर्ध्या नळ्या होतात. मग वाळवायच्या, भाजायच्या. छपरावर एक ओळ उताणी, पन्हळीसारखी, आणि दोन ओळींच्या फटीवर एक ओळ पालथी. पाणी पालथ्यावरून उताण्यात आणि उताण्यातून खाली. "खिळा नाही, सिमेंट नाही. एकमेकांच्या भरवशावर पडून राहतात," त्या म्हणाल्या. रिक्षावाला आरशातून बघत होता. उतरताना त्याने मला हळूच विचारलं, "मॅडम कुठं शिकवतात?"

कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात माठ होते, कुंड्या होत्या, पणत्यांच्या राशी होत्या. कौलं म्हटलं की प्रत्येक जण आम्हाला पुढच्या घरी पाठवत होता. असं करत करत आम्ही गल्लीच्या टोकाला विलासकडे पोचलो. पन्नाशीचा, तोंडात सुपारी, चाकावर कुंडी.

"कौलं?" त्याने चाक थांबवलं नाही. "माझे आजोबा करायचे."

"मग आजोबांना विचारा."

"आजोबा वर गेले."

"बरंच झालं. छपराचाच प्रश्न आहे."

विलासने चाक थांबवलं. मॅडमकडे नीट बघितलं. पेठेतल्या माणसाला आपल्या तोडीचा माणूस भेटला की जे होतं ते झालं. त्याने बसायला पाट दिला. "मॅडम, मला येत नाहीत. खोटं कशाला सांगू? मी लहानपणी बघितलीत करताना. आणि आता ऑनलाइन सगळं मिळतं की."

"माणसाने बघितलंय म्हणजे अर्धं येतं. उरलेलं अर्धं मी भांडून करून घेईन."

आणि खरोखरच भांडून करून घेतलं. मॅडम आठवड्यातून दोनतीनदा कसब्यात जाऊ लागल्या. विलास नळी काढायचा, ती मध्येच बसायची. मॅडम म्हणायच्या माती सैल आहे, विलास म्हणायचा सल्ला जास्त आहे. पहिली भट्टी निघाली तेव्हा मी हजर होतो. निम्मी कौलं पिळवटलेली, उरलेल्यांतली काही एका बाजूला झुकलेली. विलास कपाळाला हात लावून बसला. मॅडमनी त्यातलं एक उचललं, उलटसुलट केलं आणि म्हणाल्या, "हे अगदी आमच्या चेअरमनांसारखं बघतंय." ते वाकडं कौल त्यांनी घरी आणलं आणि त्यात कोरफड लावली.

दुसरी भट्टी बरी निघाली. तिसरीतलं पहिलं कौल विलासने आपणच वाजवलं, मॅडमच्या कानाशी धरून. घंटेसारखा आवाज आला. मॅडमनी ते हातात घेऊन पुन्हा एकदा वाजवलं. मग विलास म्हणाला, "आता आजोबांना तोंड दाखवायला हरकत नाही. पण घाई नाही."

कौलं सोसायटीत आली त्या दिवशी मॅडम शिडी लावून स्वतः केबिनवर चढल्या. सुताराने वासे आणि रिपा ठोकून दिल्या होत्या. पण कौल घालायला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. मी शिडी धरून उभा. येणारेजाणारे थांबून बघत होते. एवढ्याशा केबिनवर पांढऱ्या बुटांतली पासष्टीची बाई दुपारभर एकेक कौल लावते आहे, काढते आहे, पुन्हा लावते आहे. एकाने मला विचारलं, "पुरातत्त्व खात्याचं काही सापडलंय का?"

त्या उन्हाळ्यात यादव पुन्हा केबिनमध्ये बसू लागला. आधी तो बसला, मग पेपर वाचायला आमच्यातले दोघंतिघं निवृत्त पुढच्या बाकावर बसू लागले, कारण छपराची वळचण मॅडमनी बाकावर पुरेल इतकी पुढे काढली होती. मग दुपारी इस्त्रीवाल्या काकू कपड्यांचं बोचकं घेऊन टेकू लागल्या. गोडबोले मात्र "यादव जागा आहे का बघायला" येत. दिवसातून चार वेळा यादव जागा आहे का बघणारा चेअरमन दुसरा झाला नसेल. पुढेपुढे तर ते बघायला येताना स्वतःची उशी घेऊन येत.

मॅडम गच्चीवरच्या निळ्या पत्र्याबद्दल कधी एक शब्द बोलल्या नाहीत. तो एप्रिलमध्ये तापायचा, वाऱ्यात रात्रभर वाजायचा. वासंती वैतागून म्हणाली, "हा पत्रा किती बोलतो हो!" तेव्हा फक्त एवढंच म्हणाल्या, "हे बोलणं नव्हे. ही तक्रार आहे."

असं बरंच चाललं असतं. पण मग कोथरूडच्या प्रत्येक जुन्या सोसायटीवर येते ती वेळ आमच्यावरही आली. इमारत पाडून नवी बांधायची. बिल्डर आला, आराखडे आले, सभांवर सभा झाल्या. सगळ्यांची खात्री होती की भालेराव मॅडम आडव्या येणार. गोडबोल्यांनी तर त्यांना समजवायला दोन वडीलधारे तयार ठेवले होते. मॅडमनी सर्वांत आधी सही केली.

"मॅडम, तुमची हरकत नाही?" गोडबोल्यांना विश्वास बसेना.

"ही इमारत कशी बांधलीय ते मला आल्या दिवसापासून माहीत आहे. पाडा. फक्त केबिनचं छप्पर मी उतरवून नेणार. बुलडोझर यायच्या आधी एक सकाळ द्या."

ती सकाळ मला स्वच्छ आठवते. घरं रिकामी होत होती, फाटकापाशी कपाटं आणि गाद्या उभ्या होत्या. मॅडम केबिनवर चढल्या आणि पहिलं कौल त्यांनी खाली माझ्याकडे दिलं. टेम्पो फाटकाबाहेर लागला होता. मी कौल घेऊन निघालो तर मधेच यादवने ते माझ्याकडून घेतलं. दुसऱ्या कौलाला इस्त्रीवाल्या काकू येऊन उभ्या राहिल्या. वासंती आली. बाकावरचे पेपरवाले आले. कुणी कुणाला बोलावलं नाही, पण थोड्या वेळात केबिनपासून टेम्पोपर्यंत माणसांची रांग लागली आणि कौलं हातोहात जाऊ लागली. रांगेच्या शेवटी, टेम्पोत, गोडबोले. कौलं रचायची जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतली होती, कारण इतरांना रचता येत नाही असं त्यांचं मत होतं. त्यांच्याच हातून एक पडलं आणि फुटलं.

हातातली कौलं तशीच धरून सगळे थांबले. वरून मॅडम काय म्हणतात याची वाट बघू लागले.

"चालायचंच," मॅडम म्हणाल्या. "जास्तीची आहेत."

टेम्पो भरल्यावर मॅडम खाली आल्या, बाकावर बसल्या. वर आता नुसते वासे होते आणि वाशांमधून ऊन. वासंतीने थर्मासमधला चहा ओतला. गोडबोल्यांनी विचारलं, "कुठे नेताय एवढी कौलं? काही नवीन बांधताय का?"

"जुनंच आहे," मॅडम म्हणाल्या. मग चहाचा घोट घेतला आणि, जणू खात्यातल्या एखाद्या कामाची हकीकत सांगावी तशा सपाट आवाजात, सांगू लागल्या.

त्यांचं गाव सोलापूर रस्त्याला, लोणी काळभोरच्याही पुढे. गावाच्या खालच्या अंगाला त्यांची वस्ती. सगळी घरं गवताची. वडील पुण्यात कारखान्यात कामाला लागले. धर्मांतरानंतरची ती वर्षं होती. वडिलांनी ठरवलं, घरावर कौलं घालायची. गावात कौलं होती ती वरच्या आळीला. गावच्या कुंभाराला कौलं द्यायची इच्छा होती, पण भीती त्याहून मोठी होती. मग वडिलांनी पुण्यातून, कसब्यातल्या कुंभारवाड्यातून कौलं घेतली आणि बैलगाडीत भरली. वस्तीकडे जायला बाहेरून वाट होती. वडिलांनी गाडी भर दुपारी गावाच्या मधून, चावडीपुढून नेली.

"त्या रात्री दगड आले," मॅडम म्हणाल्या. "सकाळी आम्ही बाहेर येऊन बघतो तर निम्मं छप्पर फुटलेलं. वडील कारखान्यात जायचे ते इस्त्रीचे कपडे घालून वर चढले. आई खालून द्यायची, मी आईला द्यायचे. फुटकं खाली, नवं वर. सगळं गाव बघत होतं. आईने विचारलं, एवढी जास्तीची का आणलीत? वडील म्हणाले, गाव ओळखीचं आहे."

वासंतीने त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

"परत दगड आले. परत वडील चढले. असं पुष्कळ दिवस चाललं. शेवटी मारणाऱ्यांनाच कंटाळा आला. मी तेव्हाच ठरवलं, दगडाने फुटणार नाही असलं छप्पर बांधायला शिकायचं. म्हणून स्लॅब शिकले." त्यांनी कपातला चहा संपवला. "आणि मग जन्मभर गळती बघत फिरले."

हसावं की नाही कुणाला कळेना. मॅडमच आधी हसल्या, तेव्हा आम्ही हसलो.

"त्या घरावरची कौलं पुढे भावाने काढून पत्रा घातला. त्याला सोपं पडत होतं. मी काही बोलले नाही. आता इथली इमारत उभी राहीपर्यंत तिकडेच राहणार आहे, तर म्हटलं घालून टाकू."

गोडबोले उठले. कानापर्यंत लाल झाले होते. सभेतलं आपलं ते वाक्य त्यांना आठवलं होतं, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण समजूतदारपणे बोलण्यासाठी पुसायला चष्मा नव्हता, तो टेम्पोत राहिला होता. शेवटी ते एवढंच म्हणाले, "मी रचलीत ती नीट आहेत का बघून घेतो," आणि टेम्पोत चढून, भरलेली सगळी कौलं पुन्हा पहिल्यापासून, मध्ये पेंढा घालून रचत बसले. टेम्पोवाला कंटाळला. मॅडमनी त्यांना थांबवलं नाही. "रचू द्या," मला म्हणाल्या. "त्यांना बरं वाटतंय."

पुढे काही महिन्यांनी, थंडीत, मी आणि वासंती मॅडमच्या गावी गेलो. महामार्गावरून आत वळल्यावर उसाच्या मधून वाट. गावात शिरलो तर सगळी घरं स्लॅबची, रंगीबेरंगी, प्रत्येकावर काळी टाकी. वस्तीत भावाचं घरही स्लॅबचं. त्याच्या शेजारी एक खोली आणि पडवी एवढंच जुनं घर, आणि त्यावर नळीची कौलं. अर्ध्या छपरावर. उरलेल्या अर्ध्यावर मॅडम.

"आलात? बसा, एवढी ओळ संपवते," त्या वरून म्हणाल्या. वयाची सत्तरी उलटून गेली होती. आम्ही पडवीत बसलो. तिथे खाटेवर एक फेटेवाले म्हातारे आधीच बसले होते. मानेला हात लावून वर बघत होते.

"बाई, ते तिसरं तिरपं हाय," म्हातारे म्हणाले.

"नाही तिरपं."

"मला हितनं दिसतंय की. तिरपंच हाय."

मॅडमनी ते कौल काढलं, पुन्हा बसवलं. होतं तसंच बसवलं. "आता?"

"आता कसं झ्याक!" म्हातारे खूश झाले.

ते तंबाखू आणायला उठून गेले तेव्हा मॅडम खाली उतरल्या. भावजयीने दिलेला तांब्या तोंडाला लावून घटाघट पाणी प्यायल्या. मग त्या म्हाताऱ्यांच्या पाठीकडे मान करून मला म्हणाल्या, "वरच्या आळीचे. दगड मारायला जे यायचे ना, त्यांतले एक. तेव्हा मिसरूड फुटलेलं नव्हतं."

वासंतीचा हात तोंडावर गेला. "त्यांनी सांगितलं तुम्हाला?"

"पहिल्याच दिवशी. मी वर चढले तर खाली येऊन उभे. म्हणाले, बाई, मी बी होतो त्यात. मी म्हटलं, माहीत आहे, तुमचा नेम चांगला होता." मॅडमनी तांब्या खाली ठेवला. "तेव्हापासून रोज येतात. दिवसभर बसतात. हे तिरपं, ते वाकडं. करंदीकर, खरं सांगू का? दगड परवडले. सल्ले नकोत."

म्हातारे तंबाखू मळत परत आले आणि खाटेवर आपल्या जागी बसले. मॅडमनी त्यांच्यासमोर चहाचा कप ठेवला. मळलेली तंबाखू पुडीत परत टाकून त्यांनी तो घेतला. घरातून भाकरीचा वास येत होता. आम्ही जेवलो. मॅडमनी वासंतीला पडवीत, नुकत्याच घातलेल्या कौलांखाली, मुद्दाम बसवलं, आणि तिच्या पानात दोनदा ठेचा वाढला.

निघताना ऊन उतरलं होतं. मी गाडी वस्तीच्या अरुंद गल्लीत आत घातली होती. आता ती मागे घ्यायची, तर एका बाजूला चर, दुसऱ्या बाजूला शेणाचा उकिरडा. मला मागे काही दिसेना. वासंती खाली उतरून "सावकाश, सावकाश" म्हणत होती, त्याचा काही उपयोग नव्हता. एवढ्यात वरून आवाज आला.

"करंदीकर! माझ्याकडे बघू नका, आरशात बघा. घ्या मागे!"

मॅडम पुन्हा छपरावर होत्या. एक हात वाशाला आणि दुसरा हात हवेत.

"घ्या. घ्या. डावीकडे. तुमची डावी हो, माझी नाही! घ्या. अजून आहे, घाबरता काय! घ्या..."

खाटेवरून म्हातारेही ओरडू लागले, "उजवीकडं घ्या, सायेब!"

"यांचं ऐकू नका!" मॅडम ओरडल्या. "घ्या, घ्या... बस्स! आता फिरवा चाक."

गाडी सुटली. वासंती चढून बसली. निरोपाचा हात करायला मी काच खाली करून मान बाहेर काढली. पण त्यांचं लक्ष आमच्याकडे नव्हतं. त्या वाकून पुढचं कौल हातात घेत होत्या आणि खाटेवरून म्हातारे त्यांना काहीतरी सांगत होते.